चंद्रकांत पंडित, कीपर ते कोच: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रणजीचा मोसम सुरू झाला की चंद्रकांत पंडितांबद्दल तेच ते प्रश्न येऊ लागतात. मुंबईची गाठ विदर्भाशी किंवा मध्य प्रदेशाशी पडली की जरा जास्तच येतात. काही प्रश्न भाबडे असतात, काहींमागे भांडण असतं. उत्तरं खाली एकत्र केली आहेत. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसरीकडे पुन्हा लिहिलेली नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. चंद्रकांत पंडित म्हणजे नेमके कोण? त्यांचं नाव एवढं का घेतात?

जन्म ३० सप्टेंबर १९६१, मुंबई. विकेटकीपर आणि मधल्या फळीतले फलंदाज. १९८६ ते १९९२ या काळात भारताकडून ५ कसोटी आणि ३६ एकदिवसीय सामने खेळले. पण आज त्यांचं नाव निघतं ते कोच म्हणून. मुंबई, विदर्भ आणि मध्य प्रदेश या तीन वेगवेगळ्या संघांना त्यांनी रणजी करंडक मिळवून दिला. यातले विदर्भ आणि मध्य प्रदेश त्याआधी कधीच जिंकले नव्हते.

२. चंदू पंडित आणि चंदू बोर्डे एकच का?

नाही. बोर्डे पुण्याचे, ५५ कसोटी खेळलेले, आधीच्या पिढीतले. नाव तेवढं सारखं.

३. ते आचरेकर सरांकडे शिकलेले आहेत का?

हो, शिवाजी पार्कात रमाकांत आचरेकरांच्या हाताखाली तयार झालेल्या खेळाडूंपैकी ते एक. बलविंदरसिंग संधू, लालचंद राजपूत, प्रवीण आमरे, समीर दिघे, पारस म्हांब्रे, अमोल मुझुमदार ही त्याच शाळेतली नावं, आणि यातले बहुतेक पुढे कोच झाले. सचिनचं नाव सगळेच घेतात, पण सरांनी भारतीय क्रिकेटला जितके फलंदाज दिले तितकेच मास्तरही दिले, हे क्वचितच कोणी बोलतं.

सर तंत्रावर व्याख्यान देत बसत नसत. त्यांचा भर सामन्यांवर असायचा. एका मैदानावर बाद झालेल्या पोराला उचलायचं, दुसऱ्या मैदानावर चालू असलेल्या मॅचमध्ये उतरवायचं आणि चौथ्या क्रमांकावर पाठवायचं. पोरगा सकाळी काय चुकला ते संध्याकाळपर्यंत त्याला स्वतःलाच कळायचं. पंडितांच्या संघांचं वेळापत्रक पाहिलं तर तोच हिशोब दिसतो. मोसमाआधी शिबिर, शिबिरात सराव सामन्यांवर सामने, आणि सराव सामन्यातही रणजीइतकीच शिस्त.

४. फर्स्ट क्लासमध्ये एवढ्या धावा, मग भारताकडून फक्त ५ कसोटी का?

आकडे आधी पाहू. फर्स्ट क्लासमध्ये, म्हणजे रणजीसारख्या अनेक दिवसांच्या सामन्यांत, १३८ सामने, ८,२०९ धावा, सरासरी ४८.५७, शतकं २२. आजच्या काळात कीपरची अशी सरासरी असती तर निवड समितीने त्याला दारातून आत ओढून नेलं असतं. कसोटीत मात्र १७१ धावा, सरासरी २४.४२, सर्वोच्च ३९.

कारण वेळेचं. सय्यद किरमाणी यांचा जमाना संपत आला तेव्हा जागेसाठी दोन-तीन दावेदार होते. १९८६ च्या इंग्लंड दौऱ्यावर बडोद्याच्या किरण मोरे यांनी ग्लोव्ह्ज घातले आणि पुढची सहा-सात वर्षं ते काही उतरवले नाहीत. मोरे यांच्यानंतर नयन मोंगिया आले. पंडित या दोघांच्या मध्ये सापडले. कसोटी पदार्पणही त्यांना त्याच दौऱ्यात हेडिंग्लेला मिळालं, पण फलंदाज म्हणून. कीपिंग मोरे यांच्याकडेच होतं.

सप्टेंबर १९८६ मध्ये चेन्नईच्या चेपॉकवर ऑस्ट्रेलियाविरुद्धची कसोटी टाय झाली, म्हणजे दोन्ही संघांच्या धावा सारख्या झाल्या. कसोटीच्या इतिहासात असे सामने आजवर दोनच. त्यात पंडित होते. दोन्ही डावांत त्यांनी मोलाच्या तिशीतल्या खेळी केल्या, आणि वर दिलेला ३९ चा आकडा त्याच सामन्यातला. टायची आठवण निघाली की डीन जोन्सचं द्विशतक आणि शेवटची मनिंदरची विकेट निघते, पंडितांचं नाव कोणी काढत नाही.

५. १९८७ च्या वर्ल्ड कप सेमी फायनलला वानखेडेवर कीपर कोण होतं, पंडित की मोरे?

मोरे. पंडित संघात होते, पण निव्वळ फलंदाज म्हणून. दिलीप वेंगसरकर आजारी पडल्याने त्यांना जागा मिळाली. २४ धावा केल्या. ग्रॅहम गूचने स्वीप मारमारून ११५ काढले आणि भारत ३५ धावांनी हरला. त्या दिवसाचा राग वानखेडेवरच्या जुन्या प्रेक्षकांच्या मनातून अजून गेलेला नाही. तो रास्तही आहे, फक्त त्याचा पंडितांशी संबंध नाही.

६. मुंबईचा खेळाडू आसाम आणि मध्य प्रदेशकडून कसा काय खेळला?

‘प्रोफेशनल’ म्हणून. रणजीत बाहेरच्या राज्याचे मोजके खेळाडू घेता येतात. त्यासाठी मूळ संघटनेचं ना हरकत प्रमाणपत्र लागतं. त्या काळात मुंबईच्या संघात जागा मिळवणं हे दादर स्टेशनला सकाळी साडेनऊच्या फास्ट लोकलमध्ये शिरण्यासारखं होतं. पंडितांनी आधी आसाम आणि मग मध्य प्रदेश गाठलं, आणि तिथे ते कर्णधारही झाले.

याला कोणी ‘मुंबई सोडली’ म्हणतं. मला ते तितकंसं पटत नाही. ज्या संघात हरणं हीच सवय आहे, तिथे उभं राहून खेळायचं म्हणजे काय, हे मुंबईत राहून कळलं नसतं. पुढे कोच झालेल्या पंडितांना ती समज इथेच आली, असं माझं मत आहे.

७. १९९९ ची रणजी फायनल नेमकी कशी हातातून गेली? आघाडी असूनही हरतात कसे?

आधी नियम. रणजीत बाद फेरीचा सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावात आघाडी घेतलेला संघ जिंकतो. म्हणजे आघाडी मिळाली की बाकीचे दिवस नुसतं टिकून राहिलं तरी करंडक आपला.

१९९८-९९ ची फायनल बंगळुरूला चिन्नास्वामीवर, कर्नाटक विरुद्ध मध्य प्रदेश. पंडित कर्णधार. कर्नाटक ३०४, मध्य प्रदेश ३७९. पंचाहत्तरची आघाडी खिशात. कर्नाटकने दुसऱ्या डावात ३२१ केल्या आणि २४७ चं लक्ष्य ठेवलं. जिंकायची गरजच नव्हती, शेवटचा दिवस खेळून काढला असता तरी पुरे होतं. पण विजय भारद्वाजने सहा बळी घेतले, मध्य प्रदेशचा डाव १५० वर आटोपला आणि सामना ९६ धावांनी गेला.

पंडितांनी हा पराभव मनाला लावून घेतला, हे त्यांनी स्वतः अनेकदा सांगितलं आहे. पुढचं प्रश्न १२ मध्ये.

८. कोच म्हणून त्यांनी रणजी किती वेळा जिंकली? कुठे पाच वाचतो, कुठे सहा.

सहा. २००२-०३ आणि २००३-०४ मुंबईसोबत (कर्णधार अनुक्रमे पारस म्हांब्रे आणि साईराज बहुतुले), २०१५-१६ पुन्हा मुंबई, २०१७-१८ आणि २०१८-१९ विदर्भ, २०२१-२२ मध्य प्रदेश. पाच हा आकडा जून २०२२ च्या आधी लिहिलेल्या लेखांतला आहे, तो तेव्हा बरोबर होता.

विदर्भासोबतचे दोन इराणी करंडक (रणजी विजेता विरुद्ध शेष भारत) आणि २०२४ ची आयपीएल यात धरलेली नाही. काही जण सगळं एकत्र बेरीज करून मोठा आकडा फिरवतात. रणजीचा आकडाच पुरेसा मोठा आहे, त्याला फुगवायची गरज नाही.

९. २०१५-१६ च्या मुंबईत एवढे तयार खेळाडू होते, मग कोचचं काय कौतुक?

अर्धा मुद्दा मान्य. श्रेयस अय्यरने त्या मोसमात १,३२१ धावा काढल्या. असा फलंदाज असला की कोणाचाही कोच हुशार दिसतो. आदित्य तरेच्या नेतृत्वाखाली मुंबईने पुण्याजवळच्या गहुंजेला सौराष्ट्राला एक डाव आणि २१ धावांनी हरवलं आणि ४१ वा करंडक घेतला.

उरलेला अर्धा मुद्दा असा. मुंबईच्या ड्रेसिंग रूममध्ये गुणवत्तेची ददात कधीच नसते. तिथे कोचचं काम असतं मोठ्या नावांना छोट्या सामन्यात मन लावून खेळायला लावणं. कल्याणीत बंगालच्या गवताळ खेळपट्टीवर सकाळी नऊ वाजता स्लिपमध्ये उभं राहताना आयपीएलचा विचार डोक्यात येऊ न देणं. ते पंडितांना जमलं.

१०. मग मुंबईने त्यांना जाऊ कसं दिलं?

२०१६-१७ ला मुंबई पुन्हा फायनलला पोहोचली. इंदूरला गुजरातने ३१२ धावांचा पाठलाग करून करंडक नेला, पार्थिव पटेलने १४३ केल्या. त्याच मोसमात, राजकोटच्या सेमी फायनलला, पृथ्वी शॉला सतराव्या वर्षी पहिला रणजी सामना मिळाला आणि त्याने शतक ठोकलं. नव्या मोसमासाठी मुंबईने समीर दिघे यांना कोच केलं. पंडित नागपूरला गेले.

आत काय बोलणं झालं यावर मैदानाच्या कट्ट्यावर शंभर कहाण्या आहेत, त्या इथे लिहिण्यात अर्थ नाही. जे सगळ्यांसमोर घडलं तेच बोलकं आहे. २०१७-१८ च्या मोसमात कर्नाटकने मुंबईला क्वार्टर फायनलमध्ये डावाने हरवलं, आणि त्याच कर्नाटकला सेमी फायनलमध्ये पाच धावांनी बाहेर काढलं विदर्भाने.

११. विदर्भात त्यांनी असं काय वेगळं केलं?

विदर्भ १९५७-५८ पासून रणजी खेळत होता आणि साठ वर्षांत एकदाही फायनलला गेला नव्हता. नागपूरजवळच्या जामठ्याचं स्टेडियम, अकादमी, पैसा हे सगळं पंडित येण्याआधीच उभं झालं होतं. म्हणजे शून्यातून काही केलं असं म्हणू नये, विदर्भाच्या लोकांवर तो अन्याय होईल.

नव्हता तो विश्वास. पंडितांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे ‘बाद फेरीत गेलो, चांगला मोसम झाला’ हे बोलणं बंद पाडलं. दुसरी, जबाबदाऱ्या नेमून दिल्या. कर्णधार फैज फजल सलामीला उभा राहून धावा काढणार. चाळिशीकडे झुकलेला वसीम जाफर प्रोफेशनल म्हणून आला होता, तो पोरांना प्रत्येक सत्राला शहाणं करणार. गोलंदाजीचे कोच होते सुब्रतो बॅनर्जी. पंडित आणि बॅनर्जी दोघेही १९९१-९२ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यावरच्या भारतीय संघात होते, त्यामुळे ओळख जुनी. बॅनर्जींच्या हाताखाली रजनीश गुरबानी असा काही फुलला की कर्नाटकविरुद्ध दुसऱ्या डावात त्याने सात गडी घेतले आणि फायनलला दिल्लीविरुद्ध हॅट्ट्रिक केली. रणजी फायनलमधली ती इतिहासातली दुसरीच.

इंदूरची ती फायनल १ जानेवारी २०१८ ला संपली, विदर्भ नऊ गड्यांनी जिंकला. पुढच्या वर्षी नागपुरात सौराष्ट्राला ७८ धावांनी हरवलं, आदित्य सरवटेने अकरा बळी घेतले. पहिला करंडक नशिबाने आला म्हणणारे त्यानंतर गप्प झाले. जाफरने त्या दुसऱ्या मोसमात हजारावर धावा केल्या, तेव्हा त्याचं वय चाळीस होतं.

१२. मुंबईच्या माणसाने मुंबईलाच हरवलं, याचं वाईट वाटू नये का?

वाटलं तर वाटू द्या. मलाही त्या रविवारी जेवण गोड लागलं नव्हतं.

२६ जून २०२२. चिन्नास्वामी स्टेडियम, म्हणजे प्रश्न ७ मधलंच मैदान. मुंबईने ३७४ केल्या, सरफराझ खानचं शतक. उत्तरात मध्य प्रदेशच्या यश दुबे, शुभम शर्मा आणि रजत पाटीदार या तिघांनी शतकं ठोकली आणि धावसंख्या ५३६ वर नेली. पुन्हा आघाडी खिशात, पुन्हा शेवटचा दिवस. या वेळी कुमार कार्तिकेयने चार बळी घेऊन मुंबईला २६९ वर रोखलं आणि १०८ चं लक्ष्य सहा गडी राखून गाठलं. वेंकटेश अय्यर आणि आवेश खान संघात नसताना. तेवीस वर्षांपूर्वी कर्णधार म्हणून जिथून मान खाली घालून निघाले, तिथेच कोच म्हणून पंडितांच्या डोळ्यांत पाणी आलं.

मुंबईकरांनी आणखी एक गोष्ट बघावी. समोर मुंबईचे कोच होते अमोल मुझुमदार, तेही आचरेकरांचेच. मुंबईचा कर्णधार होता पृथ्वी शॉ, ज्याला पंडितांच्याच काळात पहिली संधी मिळाली. करंडक भोपाळ-इंदूरला गेला, पण दोन्ही पॅव्हेलियनमध्ये डावपेच शिवाजी पार्काचे होते. मध्य प्रदेशने बचावाचे फटके, लांबलेली सत्रं, विकेट फेकायची नाही म्हणजे नाही, असं जे खडूस क्रिकेट खेळलं ते आपल्याच ओळखीचं होतं. आपल्याला राग आला तो बहुधा त्याचाच.

१३. ते खरंच एवढे कडक आहेत की मीडिया वाढवून सांगतं?

कडक आहेत, आणि ते स्वतः ते लपवत नाहीत. फायनल जिंकल्यावर त्यांनीच सांगितलं की कर्णधार आदित्य श्रीवास्तवला लग्नासाठी दोनच दिवसांची सुट्टी दिली होती.

पण सगळीकडे ही पद्धत लागू पडते असं नाही. नामिबियाचा डेव्हिड वीसा २०२३ ला आयपीएलमधल्या कोलकाता नाइट रायडर्सकडे (केकेआर) होता, तेव्हा तिथे पंडित हेड कोच होते. जगभर खेळलेल्या परदेशी खेळाडूंना कसं वागायचं आणि काय घालायचं हे कोणी सांगितलेलं आवडत नाही, असं त्याने नंतर एका पॉडकास्टमध्ये स्पष्ट बोलून दाखवलं. त्याच्या बाजूनेही विचार करून बघा. रणजीचा पोरगा सहा महिने एका कोचकडे असतो, करंडक मिळाला तर त्याचं आयुष्य बदलतं. लीगचा खेळाडू दोन महिन्यांसाठी येतो आणि पुढच्या लीगला निघून जातो. त्याच्यावर धाक चालणार कुठून?

१४. २०२४ ची आयपीएल केकेआरने गंभीरमुळे जिंकली की पंडितांमुळे?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न. पंडित ऑगस्ट २०२२ मध्ये, ब्रेंडन मॅकलमनंतर, हेड कोच झाले. २०२३ ला संघ सातवा आला. २०२४ ला गौतम गंभीर मेंटॉर म्हणून आला आणि करंडक मिळाला. २०२५ ला गंभीर भारतीय संघाकडे गेला होता आणि केकेआर आठव्या क्रमांकावर घसरला. जुलै २०२५ मध्ये पंडित आणि केकेआर वेगळे झाले, आणि पंडित मध्य प्रदेशात डायरेक्टर ऑफ क्रिकेट म्हणून परतले.

नुसता हा क्रम पाहिला तर श्रेय गंभीरकडे झुकतं, आणि माझ्या मते बऱ्याच अंशी ते योग्यच आहे. सुनील नारायणला पुन्हा सलामीला पाठवण्यासारखा धाडसी निर्णय लीगची नस ओळखणाऱ्याचा वाटतो. तरी कर्णधार श्रेयस अय्यर पंडितांच्या हाताखाली रणजी जिंकलेला होता आणि सहायक कोच अभिषेक नायर पंडितांच्या ओळखीच्या मुंबईचाच, हेही लक्षात घ्यावं. आयपीएलमध्ये ‘हेड कोच’ या पदाचा अर्थ संघागणिक बदलतो. लिलावात कोणाचं चालतं, अकरा कोण ठरवतं, हे बाहेरून दिसत नाही. रणजीत मात्र पंडित जिथे गेले तिथे शब्द त्यांचाच चालला. तिथले निकाल त्यांच्या नावावर टाकता येतात, इथले तितके नाही.

केकेआरच्या आधी बरीच वर्षं पंडितांनी आयपीएलपासून लांब राहणं पसंत केलं होतं. परदेशी कोचच्या हाताखाली काम करणं आपल्याला जमलं नसतं, असं त्यांनीच सांगितलं आहे.

१५. ते सोडून गेले की संघ कोसळतो, हे खरं का?

विदर्भाकडे पाहून तरी नाही. २०२३-२४ ला विदर्भ फायनलला आला, वानखेडेवर मुंबईकडून हरला. २०२४-२५ ला उस्मान घनी यांच्या मार्गदर्शनाखाली तिसरा करंडक जिंकला. कर्णधार होता अक्षय वाडकर, म्हणजे २०१८ च्या फायनलला दिल्लीविरुद्ध १३३ काढणारा पोरगा.

१६. भारताकडून न खेळताही मोठा कोच होता येतं का, की पंडितांसारखी कॅप लागतेच?

कॅप असली तर पहिल्या दिवशी ड्रेसिंग रूम ऐकून घेते, तिचा उपयोग तेवढाच. आचरेकरांनी आयुष्यात एकच फर्स्ट क्लास सामना खेळला होता. अमोल मुझुमदारने ११,१६७ फर्स्ट क्लास धावा करूनही भारताकडून एकही सामना खेळला नाही, आणि २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत भारतीय महिला संघाने वर्ल्ड कप उचलला तेव्हा कोच तोच होता.

१७. माझा मुलगा अंडर-१४ खेळतो. पंडितांसारखा कडक कोच शोधू का?

थांबा. पंडितांची शिस्त आहे ती करार केलेल्या, मानधन घेणाऱ्या, वीस-पंचवीस वर्षांच्या माणसांसाठी. तेरा वर्षांच्या पोरावर ती लादली तर पोरगा क्रिकेट सोडेल आणि तुमच्याशी बोलायचंही सोडेल. या वयात आचरेकरांचा मार्ग उपयोगाचा (प्रश्न ३). नेटमध्ये तासभर गोलंदाजी मशीनसमोर उभं करण्यापेक्षा त्याला सामने मिळतील असा क्लब बघा. आझाद मैदान, क्रॉस मैदान, शिवाजी पार्क, कुठेही चालेल. मोठा झाला की पावसाळ्यात कांगा लीग मिळाली तर उत्तमच, ओल्या खेळपट्टीवर चेंडू कुठे जाईल याचा नेम नसतो आणि त्याचं तंत्र आपोआप उघडं पडतं.

कोच निवडताना एक गोष्ट तपासा. मुलगा शून्यावर बाद झाल्यावर कोच त्याच्याशी काय बोलतो, ते लांब उभं राहून ऐका. फी, किट आणि अकादमीचा फलक यांपैकी कशावरूनही ते कळत नाही.